पाऊल धर

कनकाच्या चपला नेहमी आतल्या बाजूनं झिजत. टाचेची बाहेरची कड कोरी करकरीत आणि आतली कड घासून घासून कागदाएवढी पातळ. ही गोष्ट सबंध चेन्नईत एकाच माणसाला ठाऊक होती. मैलापूरच्या तळ्याच्या कोपऱ्यावर काळ्या छत्रीखाली बसणारा एक म्हातारा मोची. दर दोन-तीन महिन्यांनी कनका चपला त्याच्यापुढे ठेवी आणि तो काही न विचारता टायरच्या रबराची एक पाचर आतल्या अंगाला ठोकून देई. वीस वर्षांत तो एकदाच बोलला. अम्मांचा पाय आत पडतो, म्हणाला. कनकानं झटकन मागे वळून पाहिलं, ओळखीचं कुणी ऐकत नाही ना म्हणून, आणि चपला पायात सरकवून चालू लागली.

तीन वर्षांपूर्वी तो रस्ता खणायला घेतला, छत्री उठली, मोची कुठे गेला ते कुणी सांगेना. दुसऱ्या मोच्याला टाच वाकडी दिसली, म्हणून त्या भल्या माणसानं ती तासून सरळ करून दिली. महिन्याभरात कनकाचा उजवा घोटा आतल्या बाजूनं सुजला. तिसरीच्या वर्गाची बाई ती, दिवसाचे सहा तास उभी. शेवटचा तास येईपर्यंत ती फळ्याला पाठ टेकून शिकवू लागे आणि घरी परतताना दोन मजल्यांचा जिना कठड्याला धरून चढे.

घरी ती म्हणाली, वय झालं. अठ्ठावन्न म्हणजे काही कमी नाही. फार सोयीचं वाक्य आहे हे. बाईनं ते म्हटलं की घरातलं कुणी पुढे एक शब्द विचारत नाही.

खरी गोष्ट अशी की कनकाचे पाय जन्मापासूनच सपाट. तळव्याला मध्ये जी कमान असते ती तिला नव्हतीच. उभी राहिली की पाऊल आत कलंडे आणि सगळा तळवा जमिनीला चिकटे. यात लपवण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारील. विचारणाऱ्याला अंबुजाबाई ठाऊक नाहीत.

अंबुजाबाई म्हणजे कनकाच्या सासूबाई. तंजावरकडच्याच मराठी, पण दोन पिढ्या मद्रासेत राहिलेल्या. त्यांच्या घरात मुलगी पाहायची एक रीत होती. मुलीनं गाणं म्हणायचं नाही, स्वैपाक दाखवायचा नाही. मागच्या दारी पाय धुवायचे आणि ओल्या पायांनी हातात समई घेऊन तांबड्या कोब्यावरून देवघरापर्यंत चालत यायचं. मग अंबुजाबाई उठायच्या, कमरेवर हात ठेवून वाकायच्या आणि सुकायच्या आत पावलांचे ठसे बघायच्या. ठशाला मध्ये बारीक वळण हवं. सपाट पावलाची सून घरात आली की तिचा थोरला मुलगा जगत नाही, असा त्यांचा पक्का समज होता. कुठून आला होता कोण जाणे, पण असल्या समजांना पुरावा लागत नाही.

कनकाच्या आईला, विशालाक्षीबाईंना, ही रीत आधीच कळली होती. आठ दिवस त्यांनी मागच्या अंगणात मुलीला चालवून घेतलं. बोटं आवळायची, आतलं अंग उचलायचं, भार बाहेरच्या कडेवर टाकायचा. पोटऱ्यांत गोळे यायचे. कनका रडकुंडीला आली की आई हळूच म्हणायची, "पाऊल धर गे. दोन घटकांचं काम."

तिनं पाऊल धरलं. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या मार्गशीर्षात, समई हातात, दहा पावलं. अंबुजाबाई वाकल्या, बघून झालं तरी जरा वाकूनच राहिल्या, आणि समाधानानं उठल्या. नवरामुलगा गुरुराज कोपऱ्यात बसला होता. रेल्वेच्या हिशेब खात्यात लागलेला, चष्मेवाला, आईच्या असल्या खुळांची लाज वाटणारा. त्यानं कनकाकडे बघून ओठांतल्या ओठांत हसू दाबलं. त्या हसण्यावरच ती भाळली, हे तिनं त्यालाही कधी सांगितलं नाही.

दोन घटकांचं काम पुढे सदतीस वर्षं चाललं. न्हाणीघरातून बाहेर पडताना पाऊल धर. अंगणात सडा टाकून परतताना पाऊल धर. सासूबाई गेल्यावरही सुटलं नाही. कुणी बघतंय असं वाटलं की बोटं आपोआप आवळली जात. एकटी असली की मात्र ती पाय सोडून द्यायची, आणि मग ते सपाट पसरलेले पाय तिचे तिलाच बघवत नसत.

कारण त्यांचा थोरला मुलगा खरोखरच जगला नाही.

त्याचं नाव मुरली. चार वर्षांचा होता. रात्री नऊला ताप चढला तेव्हा कनका म्हणाली, आत्ताच दवाखान्यात नेऊ. गुरुराज म्हणाला, "सकाळीं पाहूं." तीन वाजता पोराला आकडी आली. मेंदूज्वर होता. डॉक्टर सरळ माणूस होता, जरा जास्तच सरळ. काही तास आधी आणलं असतं तर, असं म्हणून त्यानं वाक्य अर्धं सोडलं. ते अर्धं वाक्य गुरुराजनं घरी आणलं आणि एकतीस वर्षं सांभाळलं. त्या दिवसापासून तो कधी पहाटे तीननंतर झोपला नाही. उठायचा, बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत जाऊन बसायचा, दूधवाला येईपर्यंत. "सकाळीं पाहूं" हे शब्द त्या घरात पुन्हा कुणी उच्चारले नाहीत.

कनका आतल्या खोलीत जागी असायची. खुर्ची करकरली की तिला कळायचं. उठावं, जवळ जावं, म्हणावं की तुमचा दोष नव्हता, माझ्या पायांचा होता. एकतीस वर्षांत हे तिच्या ओठांवर कितीदा आलं असेल याला गणती नाही. ती शिकलेली बाई होती, शाळेत मुलांना विज्ञान शिकवत होती, आणि मनातून तिचा त्या ओल्या ठशावर विश्वास होता. दोन्ही एकाच डोक्यात सुखानं नांदत होतं. पण बोलायची हिंमत झाली नाही. दोषाची सगळी गाठोडी नवऱ्याच्या पाठीवर राहू दिली आणि ती मूग गिळून बसली. यासाठी ती स्वतःला कधीच माफ करू शकली नाही.

मुरलीनंतर दोन वर्षांनी संयुक्ता झाली. तिचेही पाय सपाट. पोरगी चालायला लागली तेव्हा गुरुराज एकदा सहज म्हणाला, हे पाय कुणाचे उचलले हिनं? आमच्यांत तर कुणाचे नाहीत. कनकानं आपल्या मेलेल्या आत्याचं नाव सांगून वेळ मारून नेली.

घोट्याचं दुखणं वाढलं तशी ती गुपचूप डॉक्टरांकडे गेली. त्यांनी तिला उजव्या पायावर उभं राहून टाच उचलायला सांगितली. उचलेना. घोट्याच्या आतून जाणारी, पाऊल तोलून धरणारी शीर ताणून ताणून दोरीसारखी उसवत आली आहे, असं ते म्हणाले. पाऊल आत पडू न देणारे नीट मापाचे बूट घाला, ताबडतोब. शीर तुटली तर शस्त्रक्रिया, सहा महिने अंथरूण, आणि पुढे वर्गात उभं राहणं विसरा. कनकाच्या निवृत्तीला दोन वर्षं होती. मुलांपुढे उभं राहणं ही एकच गोष्ट तिला आयुष्यात मनापासून जमली होती.

मग बुटांचा शोध सुरू झाला. आधी मऊ मऊ डॉक्टर चप्पल घेतली. तिच्यात पाऊल चिखलात रुतावं तसं आणखीच आत गेलं. मग संयुक्तानं घरबसल्या मागवलेले पळायचे बूट आले, ढगासारखे फुगीर, मधोमध दुमडणारे. त्यांनी गुडघाही दुखायला लावला. शेवटी कनका कुबड्या-पट्टे विकणाऱ्या एका दुकानात गेली. तिथल्या माणसानं मऊ फोमच्या पेटीत पाऊल दाबायला सांगितलं, त्यावरून बुटात घालायचा तळ बनवणार होता. तो बघत होता. कनकाची बोटं आवळली गेली. पेटीत छान कमानीचा ठसा उमटला, आणि त्या खोट्या पावलाचा तळ तयार होऊन आला. तो घालून ती चार दिवस शाळेत गेली. तळव्याखाली दगड ठेवून उभं राहावं तसं झालं. पाचव्या दिवशी मुलांना कळायच्या आत खुर्चीवर बसली आणि टेबलाचा कोपरा धरून डोळे मिटले.

आता संयुक्तानं सूत्रं हातात घेतली. ती सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती, तिकडेच राहायची, शनिवारी घरी यायची. शोळिंगनल्लूरला पळणाऱ्यांसाठीचं एक दुकान होतं. तिथे पावलांचा दाब मोजून बूट देत. ती स्वतःचे तिथूनच घ्यायची. संध्याकाळी जाऊ, म्हणाली. दिवसभरात पाय सुजतो, माप तेव्हाच खरं मिळतं. जुन्या चपलाही पिशवीत घे, त्यांना झीज बघायची असते. कनकानं मान डोलावली. आणि तेवढ्यात गुरुराज शर्टाची बटणं लावत बाहेर आला. मीही येतो, म्हणाला, घरी बसून काय करूं.

कनका लगेच त्याला अडवायला लागली. तुम्हाला कंटाळा येईल, ऊन आहे, रहदारी आहे, सगळं सांगून झालं. संयुक्ता म्हणाली, अप्पांना येऊं दे की. तासभराच्या रस्त्यात कनका मागच्या सीटवर बसून आपल्या मांडीवरची पिशवी घट्ट धरून होती.

दुकानात नवीन नावाचा तरुण होता, तमिळ बोलणारा, नम्र. त्यानं आधी चपला उलट्या करून पाहिल्या आणि आतल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग कनकाला अनवाणी एका काचेच्या पाटावर उभं केलं. भिंतीवर मोठा पडदा होता. जिथे भार पडेल तिथे तांबडा रंग, जिथे पाऊल टेकणार नाही तिथे कोरं. शेजारच्या बाकावर गुरुराज बसला होता, हात गुडघ्यांवर, पडद्याकडे तोंड करून. सदतीस वर्षांपूर्वी बसला होता अगदी तसाच.

कनकानं पाऊल धरलं. धरलं म्हणण्यापेक्षा ते धरलं गेलं. पडद्यावर दोन सुबक ठसे आले, मध्ये बारीक वळण.

नवीन गोंधळला. चप्पल एक सांगते आणि पाऊल दुसरंच, असं तो संयुक्ताला म्हणाला. मग तो खाली बसला आणि पडद्याऐवजी कनकाच्या पायांकडे बघू लागला. नखांची टोकं पांढरी पडली होती. आंटी, तुम्ही बोटं आवळताय, तो हलकेच म्हणाला, पाय सैल सोडा. अशी आवळून धरलीत तर जगातला कुठलाही बूट तुम्हाला बसणार नाही, कारण मी तुमच्या नसलेल्या पायाला बूट देत राहीन.

"अम्मा, इकडे बघ," संयुक्ता म्हणाली. तिनं आपले बूट काढले आणि शेजारच्या पाटावर चढली. पडद्यावर दोन सबंध तांबडे तळवे उमटले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. "माझे असेच. यांत लाजायचं काय?"

पोरगी हसत होती. एकविसावी अर्धमॅरेथॉन पळून आली होती त्या पायांवर. कनकानं तिच्याकडे पाहिलं, मग गुरुराजकडे. तो काही रागावलेला दिसत नव्हता. हाच माणूस तेव्हा ओठांत हसला होता. आईचं खूळ म्हणून आयुष्यभर चेष्टा करत आला होता. आता कदाचित पुन्हा हसेल. म्हणेल, एवढंच होतं तर सांगायचं नाही का, वेडे. तिला एकदम फार दमल्यासारखं झालं, आणि घोट्यातून कळ वर चढली.

तिनं पाऊल सोडलं.

पडद्यावर वळणाची जागा आधी फिकी गुलाबी झाली आणि मग तांबडी भरून आली. नवीन हुश्श म्हणाला. पुढचा अर्धा तास त्यानं मनापासून काम केलं. उजवं पाऊल डाव्याहून अर्ध्या नंबरानं मोठं निघालं. कनका जन्मभर सहा नंबर घालत होती, खरं माप साडेसात आणि तेही रुंद. त्यानं टाचेला घट्ट कवळणारे, आतल्या अंगाला कडक, मध्ये पिळले तरी न पिळले जाणारे बूट काढले. अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे ना, ते दाबून पाहिलं, नाडी बांधून दिली आणि चाला म्हणाला.

कनका चालली. दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. काही दुखत नव्हतं. बुटाचा आतला काठ पावलाला खालून आधार देत होता, आणि तिला काहीही धरून ठेवावं लागत नव्हतं. तिचे डोळे भरून आले. संयुक्तानं तिला मिठी मारली. गुरुराज उठला, पैसे द्यायला गेला आणि पावती घडी करून खिशात ठेवली. तो हसला नव्हता.

अंधार पडता पडता ते घरी परतले. संयुक्ता त्यांना दारात सोडून मैत्रिणीकडे गेली. कनकानं बूट दाराबाहेर काढले, अनवाणी आत आली आणि कॉफी केली. आता पाऊल धरण्यात अर्थ नव्हता. ती फरशीवरून तशीच सपाट चालत आली आणि त्याच्यापुढे पेला ठेवला. तो तिच्या पायांकडे बघत होता.

"आईनं पाहिलं तें काय होतें?"

"तें धरलेलं पाऊल," कनका म्हणाली. "माझ्या आईनं शिकवलं होतं."

"मग खरं हें."

"आमा, हेंच खरं. जन्मापासून."

त्यानं पेला उचलला, तसाच खाली ठेवला. बराच वेळ तो भिंतीवरच्या फोटोकडे बघत राहिला. मुरलीचा होता तो, लोकरीच्या टोपीतला. कनका उभीच होती. आता तो चिडेल, फसवलंस म्हणेल, किंवा हसेल. तिची सगळ्याची तयारी होती.

"म्हणजे त्या रात्रींच नेलं असतं," तो हळू म्हणाला, "तरी मुरली राहिला नसता."

आवाजात राग नव्हता. ते तिच्या उशिरा लक्षात आलं. त्याच्या कपाळावरची एकतीस वर्षांची आठी सैल होत होती. दुरून हमालानं ओझं आणावं आणि उतरवायला अखेर कुणी हात द्यावा, तसे त्याचे खांदे खाली आले. त्यानं चष्मा काढून डोळे पुसले आणि कॉफी प्यायला. गार झाली होती तरी सगळी प्यायला.

कनकाला म्हणायचं होतं की हे खूळ आहे, तुम्हीच म्हणत होता. म्हणायचं होतं की मेंदूज्वराला पावलं दिसत नाहीत. शाळेत ती रोज असलंच काही सांगायची. पण म्हटलं तर तो पुन्हा तीन वाजता उठून त्या खुर्चीत जाऊन बसेल. आणि तिचा स्वतःचाच तरी कुठे विश्वास होता? इतकी वर्षं जे गाठोडं तिनं त्याला वाहू दिलं ते त्यानं आज तिच्या पायांशी ठेवलं होतं. परत कोणत्या तोंडानं करायचं? ती नाही म्हणाली नाही. पेला उचलून आत गेली आणि तो फार वेळ घासत राहिली.

सोमवारी सकाळी साडेसहाला ती शाळेसाठी तयार झाली तेव्हा गुरुराज झोपलेला होता. तोंड किंचित उघडं, हात छातीवर. रविवारीही असाच झोपला होता. बाल्कनीतली खुर्ची रिकामी होती आणि तिच्यावर कालचं वर्तमानपत्र पडलं होतं. एकतीस वर्षांत तिनं त्याला उजाडल्यावर झोपलेलं पाहिलं नव्हतं. ती दारात थांबून बघत राहिली. झोपेत तो फार चांगला दिसत होता, पहिल्यासारखा.

तिनं बाहेर येऊन बूट घातले. नवीननं दाखवलं तशी टाच मागे ठोकून बसवली, नाडी बांधली. जिना उतरली. घोटा दुखला नाही. गल्लीत दारांपुढे बायका कोलमची रांगोळी काढत होत्या, कुणी तिच्या नव्या बुटांकडे पाहून मान हलवली. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत अंगठ्याजवळ काहीतरी टोचायला लागलं. तिनं थांबून पाहिलं. बूट बरोबर होता, नाडी सैल नव्हती. आत, जिथे आता कुणालाच काही दिसत नव्हतं, तिथे तिची बोटं घट्ट आवळलेली होती. तिनं ती सोडायचा पुष्कळ प्रयत्न केला.